आधी सांगा, निघालात कुठून?

मागच्या अंकात जहाजावरच्या जायरोबद्दल, म्हणजे दिशा धरून ठेवणाऱ्या फिरत्या चाकाबद्दल लिहिताना अंतराळयानातल्या जायरोचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो, माझी सगळी नोकरी माझगाव आणि बॅलार्ड इस्टेटच्या परिसरात, जहाजांची दिशादर्शक यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. यानातल्या यंत्रांचा अभ्यास मी त्याच यंत्रांच्या ओढीने केला आणि अजून करतो आहे.

प्रश्न : अपोलोच्या काळात जीपीएस नव्हतं. मग चंद्राकडे निघालेलं यान नेमकं कुठे आहे, हे आतल्या माणसांना कसं कळायचं? आमचे सर म्हणाले, जायरोस्कोपमुळे. पण काका, जायरोस्कोप तर नुसता जागच्या जागी फिरतो! (अकरावीतली विद्यार्थिनी, दादर)

उत्तर : तुझी शंका रास्त आहे. जायरोला ठावठिकाणा कळत नाही. त्याला एकच गोष्ट येते. ज्या दिशेला आस धरून तो फिरायला लागला, ती दिशा तो सोडत नाही. त्याचा उपयोग असा करतात : एका छोट्या ठोकळ्यावर तीन जायरो बसवायचे, एकमेकांशी काटकोनात. तो ठोकळा एकात एक अशा तीन कड्यांमध्ये लटकवायचा. या कड्यांना गिंबल म्हणतात. यान वळलं आणि ठोकळा जरासा जरी त्याच्याबरोबर ओढला गेला, तरी जायरोला ते लगेच जाणवतं आणि कड्यांवरच्या मोटारी ठोकळ्याला परत जागेवर आणतात. म्हणजे यान ठोकळ्याभोवती हवं तसं वळतं, ठोकळा मात्र ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर राहतो. त्या ठोकळ्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. अपोलोत हे सगळं सुमारे फूटभर व्यासाच्या एका गोळ्यात मावलेलं होतं आणि त्यातल्या जायरोंची चाकं मिनिटाला २४,००० फेरे घेत.

आता जागा कशी कळते ते. त्याच ठोकळ्यावर तीन त्वरणमापी, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो हे मोजणारी यंत्रं असतात. अपोलोच्या त्वरणमापीत एक बारीक लंबक होता. इंजिन सुरू झालं की तो कलू पाहायचा आणि विजेच्या ठरावीक मापाच्या झटक्यांनी त्याला मधोमध धरून ठेवलं जायचं. किती झटके द्यावे लागले, ते संगणक मोजायचा. मुख्य यानात एक झटका म्हणजे वेगात सेकंदाला ५.८५ सेंटिमीटरचा फरक. झटक्यांच्या बेरजेवरून वेग, वेगाच्या बेरजेवरून अंतर. पासबुकासारखाच हिशोब आहे हा. जमा-खर्चाच्या नोंदी कितीही चोख ठेवल्या, तरी सुरुवातीची शिल्लक चुकीची लिहिली असेल तर शेवटचा आकडा चुकणारच. आपण कुठून आणि कोणत्या दिशेला तोंड करून निघालो, हे या यंत्राला बाहेरून सांगावं लागतं. ते त्याला कधीही स्वतःहून कळत नाही.

आणि चूक कशी वाढते बघ. समज, त्वरणमापी पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाच्या हजाराव्या भागाइतकं खोटं दाखवतो आहे, सेकंदाला सेकंदामागे फक्त एक सेंटिमीटरच्या आसपास. बेरजेवर बेरीज होत तासाभरात ही चूक ६३ किलोमीटरवर जाते. सीएसएमटीहून निघालेली गाडी अंबरनाथही ओलांडून गेली असेल इतकं अंतर. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहा, अकरावीचं सूत्र पुरतं.

म्हणून तुझ्या सरांचं उत्तर अर्धंच धरायचं. अपोलो कुठे आहे याचा मुख्य हिशोब पृथ्वीवरच्या मोठमोठ्या अँटेना करत होत्या आणि ते आकडे रेडिओने यानात जात होते. यानातला प्लॅटफॉर्म दोन कामांसाठी अत्यावश्यक होता : तोंड कुणीकडे आहे हे क्षणोक्षणी सांगणं आणि इंजिन पेटलेलं असताना वेग नेमका किती आणि कोणत्या दिशेला बदलला हे मोजणं. रेडिओ बंद पडला तर माणसांना स्वतःच्या यंत्रांवर घरी परतता यावं, अशी सोयही ठेवलेली होती. या कामाला किती वजन होतं ते तारखांवरून दिसतं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी चंद्रावर माणूस उतरवण्याची घोषणा केली २५ मे १९६१ ला. त्याच ऑगस्टमध्ये अपोलोचं पहिलं मोठं कंत्राट निघालं ते याच यंत्रणेसाठी, एमआयटीतल्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्या प्रयोगशाळेला. चंद्रावर कोणत्या मार्गाने उतरायचं, हेसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं!

प्रश्न : कक्षेत फिरणाऱ्या यानात सगळं वजनरहित असतं. तिथे त्वरणमापी काय दाखवतो? यान तर पृथ्वीभोवती वळत असतं, म्हणजे त्याला त्वरण आहेच. (निवृत्त शिक्षक, मुलुंड)

उत्तर : शून्य दाखवतो, सर. तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, यानाला त्वरण असतंच. पण ते गुरुत्वाकर्षणाचं, आणि ते यानाला, त्वरणमापीच्या डबीला आणि आतल्या लंबकाला सारखंच ओढतं. डबी आणि लंबक एकत्रच पडत असतील तर लंबक कलणार कशाच्या आधारावर? त्वरणमापीला फक्त ढकलणं कळतं, म्हणजे इंजिनाचं, हवेचं किंवा जमिनीचं. गुरुत्व त्याला कळत नाही.

घरी पडताळून पाहता येईल. फोनमध्ये सेन्सरचे आकडे दाखवणारं एखादं ॲप घ्या. टेबलावर निश्चल ठेवलेला फोन ९.८ च्या जवळचा आकडा दाखवेल, कारण टेबल त्याला खालून वर ढकलतं आहे. तोच फोन हातभर उंचीवरून गादीवर सोडा आणि नंतर आलेख पाहा. पडण्याच्या तेवढ्या क्षणात आकडा शून्याजवळ गेलेला दिसेल. नातवंडांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे, फक्त गादी जाड घ्या.

यातून यानाचं मोठं काम उभं राहतं. गुरुत्व मोजता येत नाही, म्हणून ते गणिताने आणावं लागतं. आपण अमुक ठिकाणी आहोत असं धरायचं, तिथलं गुरुत्व सूत्राने काढायचं आणि मोजलेल्या त्वरणात मिळवायचं. ठिकाण चुकलं तर गुरुत्व चुकलं, गुरुत्व चुकलं तर पुढचं ठिकाण चुकलं. इंजिन बंद असताना त्वरणमापीचा आकडा शून्यच असायला हवा. तरीही काही दाखवत असेल तर तो त्याचा स्वतःचा दोष. म्हणून अपोलोचा संगणक निवांत प्रवासात त्वरणमापींच्या नोंदी जागेच्या हिशोबात घेतच नसे, इंजिन पेटायच्या थोडं आधी तो हिशोब सुरू करायचा. आणि फुकट मिळालेला तो शून्य यंत्राचा दोष किती हे तपासायला वापरायचा. हा भाग मला फार आवडतो. जमिनीवर असा स्वच्छ शून्य आम्हाला कधीही मिळत नाही.

प्रश्न : ‘गिंबल लॉक’ म्हणजे काय? त्याला अंतराळवीर एवढे का घाबरत? (हौशी आकाशनिरीक्षक, बोरिवली)

उत्तर : तुमच्याकडे आडवी-उभी फिरणारी दुर्बीण असेल तर हा अनुभव तुम्ही घेतलेला आहे. डोक्यावरून जाणारा तारा तिच्यात धरून ठेवताना एका जागी सगळं अडतं. नळी सरळ वर झाली की बुडखा कितीही फिरवा, नळी स्वतःभोवतीच फिरते, बाजूला सरकत नाही. एक आस वाया गेलेला असतो.

तीन कड्यांचं तेच होतं. प्रत्येक कड्याचा आस शेजारच्याशी काटकोनात. पण यान वळता वळता मधलं कडं ९० अंशांवर आलं, की बाहेरच्या आणि आतल्या कड्याचे आस एका रेषेत येतात. तीन कडी असूनही मोकळीक दोनच दिशांची उरते. त्या क्षणी यान तिसऱ्या दिशेने वळलं, की ठोकळा फरफटत जातो आणि जी दिशा जपण्यासाठी एवढा खटाटोप, ती हरवते. अपोलोत मधलं कडं ७० अंशांपलीकडे गेलं की इशाऱ्याचा दिवा लागे. ८५ वर संगणक प्लॅटफॉर्म आपणहून जागच्या जागी धरून टाके, म्हणजे दिशा गेली ती गेलीच. अंतराळवीरांपुढच्या दिशादर्शक चेंडूवर ही धोक्याची जागा लाल वर्तुळाने रंगवलेली होती.

चौथं कडं घातलं की हा प्रश्न उरत नाही. अपोलोच्या आधीच्या जेमिनी यानात चार होती. अपोलोच्या अभियंत्यांनी विचार करून तीन ठेवली. वजन कमी, रचना साधी, बिघडायला एक गोष्ट कमी, आणि यानाला एरवी त्या कोनात जायचं कारण पडत नाही, असा त्यांचा हिशोब. यान चालवणाऱ्यांना तो जाचायचा. अपोलो ११ च्या वेळी चंद्राभोवती फिरत असलेल्या मायकेल कॉलिन्स यांनी ह्यूस्टनला, म्हणजे जमिनीवरच्या नियंत्रण केंद्राला सांगितलं होतं, या ख्रिसमसला मला चौथं गिंबल भेट पाठवा. माझं मत विचाराल तर मी कॉलिन्स यांच्या बाजूचा. ज्या माणसाला रात्रंदिवस एका कोनाची धास्ती बाळगून काम करावं लागतं, त्याचं लक्ष तेवढं दुसरीकडून कमी होतं. नासाच्या स्पेस शटल यानात पुढे चार कडीच आली.

प्रश्न : अंतराळवीर तारे बघून यान चालवायचे, हे खरं का? कोणते तारे? ते लालबागमधून दिसतील का? (आठवीतली मुलगी, लालबाग)

उत्तर : खरं आहे, आणि बहुतेक सगळे तुला दिसतील!

जायरो कितीही चांगला असला तरी तासागणिक थोडा थोडा सरकतो. म्हणून ठरावीक वेळाने अंतराळवीर खाली वाकून दोन नळ्यांना डोळा लावायचे. एक नळी काही मोठं न करता आकाशाचा बराच मोठा तुकडा दाखवायची, तिच्यातून तारा ओळखायचा. दुसरी, सेक्स्टंट नावाची, २८ पट मोठं दाखवायची. तिच्यात तारा बरोबर मध्यावर आणून बटण दाबायचं. मग दुसरा तारा, पुन्हा बटण. दोन का? एकाच ताऱ्याकडे बोट दाखवून तू उभी राहिलीस तरी त्या बोटाभोवती तिरकी-उलटी होऊ शकतेस. दुसऱ्या ताऱ्याने तेही पक्कं होतं. त्या दोन ताऱ्यांमधला कोन संगणकाला पाठ असायचा. मोजलेला आणि पाठ असलेला, यांतला फरक तो पडद्यावर दाखवायचा. पाचही जागी शून्य आलं की काम फत्ते.

यादीत ३७ तारे होते. त्यांचे क्रमांक आठ-आठच्या गटांनी मोजायच्या पद्धतीत होते, म्हणून शेवटच्याचा क्रमांक ४५. चार गुणिले आठ अधिक पाच, करून बघ. तुला माहीत असलेली नावं सांगतो : ध्रुव, रोहिणी, राजन्य, ब्रह्महृदय, अगस्त्य, व्याध, प्रश्वा, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, अभिजित, श्रवण. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास चाळीच्या गच्चीवर जा आणि दक्षिणेकडे तोंड कर. उंचावर झगमगणारा व्याध, त्याच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून अठरा अंशांवर अगस्त्य. समोर टॉवर नसला तर मुंबईच्या उजेडातही दोन्ही दिसतात. आपण १९ अक्षांशावर असल्यामुळे ३७ पैकी जवळजवळ सगळे कधी ना कधी आपल्याकडे उगवतात. दक्षिण त्रिकोणातला अट्रिया तेवढा क्षितिजाच्या दोनच अंश वर येतो, तो धुरकटात सापडणार नाही.

यादीत तीन तारे निराळ्या नावांचे आहेत : नावी, डनोसेस आणि रेगोर. अंतराळवीर गस ग्रिसम यांनी गंमत म्हणून स्वतःचं मधलं नाव इव्हान, सहकारी एड व्हाइट यांच्या नावापुढचं ‘सेकंड’ आणि रॉजर चॅफी यांचं ‘रॉजर’ उलटं लिहून ती यादीत घातली. २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच्या चाचणीत यानाला आग लागून तिघेही गेले. सहकाऱ्यांनी ती नावं तशीच ठेवली आणि पुढे चंद्रावर जाणारी माणसं त्या ताऱ्यांवर यंत्र लावत राहिली. नावी शर्मिष्ठेत आहे, इंग्रजी डब्ल्यूसारख्या आकृतीचा मधला तारा. डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तरेकडे शोध. सापडला की पत्र लिही.

प्रश्न : वीज गेली किंवा कुणाचा हात चुकला, तर प्लॅटफॉर्मचं काय होतं? (इलेक्ट्रिशियन, लोअर परळ)

उत्तर : दोन्ही घडलं आहे.

१४ नोव्हेंबर १९६९, अपोलो १२. उड्डाणानंतर ३६ व्या सेकंदाला अग्निबाणावर वीज कोसळली, ५२ व्या सेकंदाला पुन्हा. यानाची वीजयंत्रणा विस्कटली आणि प्लॅटफॉर्म गडगडला. पण सॅटर्न अग्निबाणाला त्याचा स्वतःचा वेगळा प्लॅटफॉर्म होता, वरच्या टप्प्यातल्या कड्यासारख्या भागात. तो ढळला नाही, त्याने यान कक्षेत नेऊन सोडलं. कक्षेत पोहोचल्यावर डिक गॉर्डन यांनी तारे शोधून यानाचा प्लॅटफॉर्म नव्याने लावला आणि मगच चंद्राकडे निघायची परवानगी मिळाली. दोन यंत्रणांना दोन वेगळे प्लॅटफॉर्म द्यायचं ज्यांनी ठरवलं, त्यांचे उपकार मानायला हवेत.

हात चुकला तो अपोलो ८ वर, परतीच्या वाटेवर. जिम लॉव्हेल यांना तारा क्रमांक ०१ द्यायचा होता, त्याऐवजी प्रोग्राम क्रमांक ०१, म्हणजे उड्डाणाआधीच्या तयारीचा, दिला गेला. संगणकाला वाटलं आपण अजून फ्लोरिडात उड्डाणाच्या चौथऱ्यावरच उभे आहोत. बेरीज चोख, सुरुवातीची दिशा मात्र भलतीच! लॉव्हेल यांनी खिडकीतून राजन्य आणि व्याध पकडले, यान त्यांच्या रोखाने आणलं आणि दिशा परत मिळवली.

हे पुढे कामाला आलं असं मला ठामपणे वाटतं, कारण सव्वा वर्षाने, एप्रिल १९७० मध्ये, अपोलो १३ चे कमांडर तेच होते. ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर मुख्य यान निकामी होत होतं. ते विझायच्या आत त्याच्या प्लॅटफॉर्मची दिशा त्याला जोडलेल्या, चंद्रावर उतरायच्या चांद्रयानाच्या प्लॅटफॉर्मला द्यायची होती. लॉव्हेल यांनी कड्यांचे कोन कागदावर घेऊन बेरजा-वजाबाक्या केल्या आणि ह्यूस्टनला म्हणाले, माझा हिशोब तपासा. बरोबर निघाला. नंतर यानाभोवती तरंगणाऱ्या चमकत्या कचऱ्यातून खरे तारे ओळखू येईनात, तेव्हा सूर्याचाच रोख धरून तपासणी केली आणि दिशा एका अंशाच्या आत सापडली. पुढे वीज वाचवण्यासाठी तोही प्लॅटफॉर्म बंद केला आणि मार्ग सुधारण्यासाठी इंजिन पेटवताना पृथ्वीच्या दिवस-रात्रीची सीमारेषा खिडकीतल्या खुणेवर धरून काम भागवलं. मुख्य यानातला प्लॅटफॉर्म तर हीटरसकट बंद होता. असं थंड पडलेलं यंत्र पुन्हा चालेल याची कुणी खात्री दिलेली नव्हती. ते चाललं.

प्रश्न : गोदीत आम्ही जहाजाचा जायरो बघितलाय. चालू केला की उत्तर दिशा दाखवायचा. तोच यानात ठेवला तर? (निवृत्त फिटर, माझगाव)

उत्तर : तुमच्याशी बोलताना मला गोदीतच आल्यासारखं वाटतं, मामा. यानात तो उत्तर दिशा दाखवणार नाही. जहाजाचा जायरो-कंपास पृथ्वीच्या फिरण्यावर आणि गुरुत्वावर चालतो. वजन त्याला खाली ओढतं, पृथ्वी त्याच्याखालून फिरते आणि दोन्हींच्या ओढाताणीत त्याचा आस हळूहळू उत्तरेला येऊन बसतो. कक्षेत ते खाली ओढणंच जाणवत नाही, त्यामुळे उत्तर शोधायला त्याच्याकडे काही उरत नाही. यानातल्या जायरोला दिशा माणसाने किंवा ताऱ्यांनी दाखवायची आणि त्याने ती धरून ठेवायची.

आतला आत्मा मात्र एकच आहे. तुम्ही पाहिलेला गोळ्याचा जायरो आठवा. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून जवाहर द्वीपावरच्या टँकरवर जायचं, दोराच्या शिडीने पिशवी सांभाळत वर चढायचं, आणि ब्रिजवर पोहोचतो न पोहोचतो तोच सेकंड मेट विचारणार, किती वेळ लागेल? त्याला सांगायचं, द्रव बदलला तर चार तास तरी सेटल व्हायला लागतील, घाई करून चालणार नाही. ऊर्ध्वपातित पाणी, ग्लिसरीन आणि बेंझोइक आम्ल मापात मिसळायचं, गोळा हळूच आत सोडायचा आणि द्रव पन्नास-बावन्न अंशांपर्यंत तापू द्यायचा. मग छोट्या खिडकीतून गोळ्यावरची रेषा बघायची, ती ठरल्या उंचीवर आहे का. रेषा जरा खाली असली की ग्लिसरीनचे थेंब मोजून भर घालायची. गोळ्याखाली बुडबुडा चिकटलेला असला तर सगळी मेहनत पाण्यात, कारण बुडबुडा एका बाजूने उचलतो आणि वाचन वाकडं जातं.

अपोलोच्या जायरोचं चाकही असंच एका डबीत बंद करून दाट द्रवात तरंगत ठेवलेलं होतं, म्हणजे वजनाचा भार धारव्यांवर (बेअरिंगवर) पडत नाही आणि घर्षण जवळपास संपतं. द्रवाची घनता तापमानाने बदलते, म्हणून हीटर रात्रंदिवस चालू. आणि बुडबुड्याने तिथेही छळलं आहे. अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळ स्थानक १४ मे १९७३ ला कक्षेत गेलं, तेव्हा त्याचे जायरो भलतेच सरकू लागले. कारण निघालं जायरोच्या द्रवातले वायूचे बुडबुडे. ऑगस्टमध्ये दुसऱ्या तुकडीने सहा नव्या जायरोंचा संच सोबत नेऊन बसवला आणि त्याची वायर बाहेर चालत जाऊन जोडली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या तंत्रज्ञांना पत्र लिहावंसं वाटलं होतं.

जाता जाता एक गोष्ट. तुमच्या जहाजाच्या जायरोचा झोका ८४.४ मिनिटांचा ठेवतात. माक्स शूलर यांनी १९२३ साली दाखवलं की या मापाचा झोका असला की जहाजाच्या वेग बदलण्याने यंत्र फसत नाही. पृथ्वीच्या अगदी पृष्ठभागालगत उपग्रह फिरवता आला असता, तर एका फेरीला त्यालाही तेवढीच मिनिटं लागली असती. दोन्ही आकडे पृथ्वीच्या त्रिज्येतून आणि गुरुत्वातून येतात.

प्रश्न : अंतराळ स्थानकावर मोठमोठे जायरो आहेत म्हणे. तेही दिशा मोजतात का? (चेंबूर)

उत्तर : नाही, ते स्थानक वळवतात. चार आहेत, प्रत्येकाचं चाक सुमारे ९८ किलोचं, मिनिटाला ६,६०० फेरे. चाकाचा आस तिरका केला की उलट बळाने स्थानक वळतं, इंधन लागत नाही. मोजणारे जायरो वेगळे.

प्रश्न : गगनयानात आणि शुभांशू शुक्ला गेले त्या ड्रॅगनमध्ये अजून अशीच फिरती चाकं आहेत का? आता जीपीएस असताना त्यांची गरज काय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अंधेरी)

उत्तर : कड्यांत लटकवलेला ठोकळा आता मागे पडला. यंत्र थेट यानाच्या अंगालाच घट्ट बसवतात. यान वळलं की तेही वळतं, आणि किती वळलं ते मोजून ‘स्थिर ठोकळा’ संगणक गणितात उभा करतो. गिंबल लॉकची भानगडच नाही. पण वळणं क्षणाक्षणाला अचूक मोजावी लागतात, म्हणून संगणक वेगवान झाल्यावरच हे जमलं.

चाकाची जागाही बऱ्याच ठिकाणी प्रकाशाने घेतली आहे. बंद वाटेवरून दोन विरुद्ध दिशांनी प्रकाश सोडला आणि ती वाट फिरत असली, तर एका किरणाला किंचित जास्त अंतर पडतं. फ्रान्सच्या सान्याक यांनी हे १९१३ मध्ये दाखवलं, १९६३ मध्ये त्यावर लेझरचा जायरो झाला. त्याची एक खोड मजेदार आहे. फिरण्याचा वेग अगदी कमी असला की दोन्ही किरण एकमेकांना चिकटतात आणि यंत्र शून्य दाखवू लागतं. उपाय म्हणून सगळं यंत्रच बारीक थरथरत ठेवतात, म्हणजे त्याला झोप लागत नाही! नासाच्या ओरायन यानात लेझर जायरोच आहेत.

आपल्याकडे हे काम इस्रोचं तिरुवनंतपुरमजवळच्या वट्टियूरकावू इथलं केंद्र करतं. इस्रोच्या पीएसएलव्ही अग्निबाणात असे अंगाला बसवलेले, फिरत्या चाकाचे ‘ड्राय ट्यून्ड’ जायरो आणि सर्व्हो त्वरणमापी आहेत, एक बिघडला तर दुसरा काम सांभाळेल अशा रचनेत. गगनयानासाठी जडत्व-यंत्रणा, म्हणजे जायरो आणि त्वरणमापी यांची जोडणी, तेच केंद्र करतं आहे. १८ डिसेंबर २०१४ ची मानवरहित कुपीची चाचणी आणि २१ ऑक्टोबर २०२३ ची सुटका-यंत्रणेची चाचणी या वाटेवरच्या पायऱ्या होत्या.

जीपीएस आहेच. पृथ्वीजवळ फिरणारी यानं ते वापरतात, शुक्ला यांचं ड्रॅगनही. मार्च २०२५ मध्ये एका उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावरूनसुद्धा त्या उपग्रहांचे संकेत पकडून जागा काढून दाखवली. पण परतताना यानाभोवती तापलेल्या वायूचं कवच तयार होतं आणि रेडिओ तुटतो. नेमकं तेव्हाच यान कसं धरलंय हे क्षणोक्षणी कळायला हवं. त्या मिनिटांमध्ये सोबतीला फक्त जडत्व-यंत्रणा असते.

तुम्ही अभियंता होणार आहात, म्हणून एक आठवण द्यावीशी वाटते. २ जुलै २०१३ ला बैकानूरहून उडालेला प्रोटॉन अग्निबाण काही सेकंदांत आडवा होऊन कोसळला. माणसं नव्हती. चौकशीत निघालं की कोनीय वेग मोजणारे काही सेन्सर उलटे बसवलेले होते. उलटे बसू नयेत अशी खाच दिलेली होती, तरी जोर लावून बसवल्याच्या खुणा सापडल्या. यंत्र निर्दोष होतं. खाचेत एखादी वस्तू बसत नसेल तर हात थांबवा आणि ड्रॉइंग काढा. माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी हे शिकवलं आहे, तुम्हालाही सांगतो.

प्रश्न : शटलमध्ये प्लॅटफॉर्मचे तीन-तीन संच कशाला? दोन पुरले नसते? (विक्रोळी)

उत्तर : दोनांत मतभेद झाला तर खोटं कोण बोलतंय हे कळत नाही. तिसरा असला की दोघं एकीकडे होतात आणि बिघडलेला उघडा पडतो. शिवाय शटलच्या तिन्ही संचांचे ठोकळे मुद्दाम एकमेकांशी तिरक्या कोनांत लावलेले असत, म्हणजे एकाच आसावरचा दोष तिघांच्या आकड्यांत वेगवेगळ्या रूपात उमटायचा आणि दोनच संच उरले तरी बिघाड कुणाचा हे ओळखायला मदत व्हायची.